छातीच्या हाडामागे

३ नोव्हेंबर १९५७
सकाळच्या गाडीनं झाशीला उतरले. ट्रंक धड, प्रवास उत्तम, बाहेर इस्पितळाचा टांगा हजर. छावणीच्या अंगाला टुमदार बंगला, झाडलेला रस्ता, कुठं गलका नाही. मला हेच आवडतं. डॉ. नीलकंठ लघाटे इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. छातीच्या हाडामागं क्वचित होणाऱ्या एका गाठीची शस्त्रक्रिया करतात. त्या गाठीनं स्नायू दुबळे होतात, पापण्या उतरतात, घास गिळवत नाही. मेट्रन म्हणून मी वॉर्डाला शिस्त लावायची. डॉक्टर म्हणाले, तुमची पुणेरी मराठी ऐकून निम्मे रोगी उठून पळतील. संध्याकाळी डावी पापणी जड झाली. प्रवासाचा शीण.

९ नोव्हेंबर
सीपरी बाजारातली सिंधू आज टेबलावर होती. तिची आई कमळाबाई कालपासून अडून बसली होती. बहनजी, पोरीला काही कळणार तर नाही ना, हेच पुन्हापुन्हा. काही कळणार नाही, असं मी खडसावलं, तेव्हा माझ्या शब्दावर तिनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. सिंधूचं बोटही हललं नाही. हाड कापताना डॉक्टरांनी आपल्या सासूचा एक किस्सा सांगितला. मीही हसले.

१३ नोव्हेंबर
सिंधूनं तो किस्सा शब्दन् शब्द सांगितला. करवत फिरत होती तेव्हा तुम्ही हसलात, मावशी, म्हणाली. भ्रम आहे, असं सांगून तिला गप्प बसवलं. वॉर्डात बोभाटा चालणार नाही.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरांना विचारलं. त्यांनी लपवलं नाही. या रोग्यांचा श्वास नाजूक, पुरी भूल दिली तर टेबलावरच जातात. म्हणून भूल नावापुरती, आणि अंग लुळं पाडणारं इंजेक्शन. रोगी हलत नाही, ओरडत नाही, जगतो. आठवणीनं कुणी मेलेलं नाही, म्हणाले. मी राजीनामा देते म्हटलं. त्यांनी माझी पापणी बोटानं उचलून सोडली. ती खाली आली. अर्जासोबतच्या फोटोतच त्यांना ती उतरलेली दिसली होती. म्हणूनच मला निवडलं; जिला स्वतःलाच या टेबलाची गरज, ती मेट्रन सोडून जात नाही, म्हणाले.

२० नोव्हेंबर
ट्रंक उचलवली नाही. तशीच निघाले. बोलणं नाकातून येतं; टांगेवाल्याला स्टेशन म्हटलेलं कळलं नाही. वॉर्डातल्या अंबिका सिस्टरनं हात धरून आत आणलं. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मेट्रनजी, भ्रम आहे, आराम करा.

२४ नोव्हेंबर
पाणी नाकातून येतं. झोपून उठल्यावर थोडा वेळ बोटं चालतात — पुऱ्या भुलेशिवाय मला कापू नका, असं चिठ्ठीवर लिहिलं. अंबिकेनं ती डॉक्टरांनाच दिली. त्यांनी खिशात घातली. असं सगळेच लिहितात, म्हणाले.

२६
मान धरत नाही. डॉक्टर आले — अंबिकेदेखत विचारलं, मेट्रनबाई, आजच उरकायचं ना?
मान पुढं पडली —
हो म्हणाल्या, ते म्हणाले. अंबिकेनंही पाहिलं, साक्षीदार म्हणून सही केली —
स्ट्रेचर आणायला गेलेत. चाकं वाजतायत
मी हो म्हट—