राखी शाई आणि तळ्याखालची बांधी

मी, यादोराव तुकाराम निंबार्ते, वय ७४, धंदा अर्जनवीस, राहणार लाखनी, जिल्हा भंडारा, पूर्ण शुद्धीवर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अडतीस वर्षे तहसिलीसमोर बसून लोकांची मृत्युपत्रे लिहिली. स्वतःचे दुसऱ्याकडून लिहून घेणे शोभणार नाही. साखर थोडी वाढली आहे, डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर मुलगा वीरेंद्र यास. मागच्या दाराची कडी बसवतो, असे तो चार वर्षांपासून म्हणत आहे. आता घर त्याचे आणि कडीही त्याचीच.

२. माझे टेबल, तिन्ही फाउंटन पेन आणि काळ्या शाईच्या सर्व बाटल्या सोबती अर्जनवीस श्यामराव भुरे यास. बाटल्या मुद्दाम त्यालाच, कारण त्याला काळी शाई आवडत नाही. "काळीत सारे अक्षरं एकसारखे दिसते गा, राखीत लिहिणाऱ्याचा हात दिसते," असे तो म्हणतो. आमच्याकडे करड्या रंगाला राखी म्हणतात. राखी म्हणजे पाणी घातलेली काळी, असे माझे मत होते. शेवटी दोन्हींत एकेक ओळ लिहून वर चहाचा थेंब पाडला. काळी पसरली, राखी जागची हलली नाही. तो कागद श्यामरावाने तहसिलीत सर्वांना दाखवला. त्याबद्दल त्याला माफी नाही.

३. तळ्याखालची धानाची बांधी, दीड एकर, बहीण रुखमा, राहणार आंधळगाव, हिला. जमीन वडिलांची. २०१४ साली रुखमाचे हक्कसोडपत्र मीच काळ्या शाईत लिहिले: "मी स्वखुशीने हक्क सोडत आहे." तिची खुशी मी विचारली नव्हती. तिने मुकाट्याने सही केली आणि पुढे अकरा वर्षे राखी बांधायला आली नाही. तिचा मुलगा कैलाश तेवढा येत-जात राहिला.

वरील चहाच्या परीक्षेसाठी शाई हवी होती, म्हणून गेल्या पौषात मी कैलाशला नागपुरात फोन केला, "येताना राखी आणजो." त्याने ते आईला सांगितले. तिसऱ्या दिवशी रुखमा दारात उभी, हातात राखी, पिशवीत लाखोळीची डाळ.

"भाऊ, तूनं राखी मांगतली म्हणते कैलाश. पुसात कोनी राखी मांगते का? पर मांगतली तं आली मी."

मी हात पुढे केला. शाईचे नाव काढले नाही. दोघेही रडलो, मग मी वाळलो म्हणून तिने मला भरपूर झापले. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. शाई कैलाशने नंतर आणली.

रुखमे, मी शाई मागितली होती. राखी मागायची माझी हिंमत नव्हती. हसू आले तर हसून घे.

४. श्यामरावाचे खरे आहे. राखीत हात जिथे थांबतो तिथे अक्षर गडद उमटते. हक्कसोडपत्रातल्या "स्वखुशीने" या शब्दावर माझा हात थांबला होता, काळीने ते झाकून घेतले. म्हणून हे मृत्युपत्र राखी शाईत लिहिले आहे. तळ्याखालची बांधी मी रुखमाला स्वखुशीने देत आहे. हा शब्द उजेडात धरून पाहावा. हात कुठेही थांबलेला नाही.

सही: यादोराव तुकाराम निंबार्ते
ठिकाण: लाखनी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६

साक्षीदार: धनीराम गभणे, अंजू हटवार
यादोरावांनी आमच्यादेखत सही केली. शाई वाळेपर्यंत आम्ही बसून होतो. श्यामरावांना साक्षीला घेतले नाही; त्यांना पेन मिळणार आहेत, शिवाय ते गावभर सांगतील.