झिजलेल्या डिस्क

३ नोव्हेंबर, सोमवार

माझा पाय ब्रेकवर होता. होता, होता, होता! घरात कुणी ऐकत नाही म्हणून इथे लिहितेय.

काल उत्तनहून येताना उतारावर पुढची रिक्षा एकदम थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल पायाखाली थरथरलं, स्टीअरिंग हललं, गाडी काही थांबेना. मी ती बाजूच्या भिंतीवर घातली. रिक्षा वाचली, पण सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं. रिक्षा कुणी वाचवली ते कुणी बोलत नाही.

नीरज भाऊजी, माझे मोठे दीर, मागेच बसले होते. उतरून आधी बंपर बघितला, मग आईचा हात. मग मला म्हणाले, "सुचेता, ब्रेक दाबायला मुहूर्त बघत होतीस का?"

रिक्षावालासुद्धा हसला. मी सांगितलं, पेडल थरथरत होतं. तर म्हणे, दिवाळीआधी मी स्वतः गॅरेजला नेऊन डिस्क, पॅड, सगळं नवीन टाकलंय. थरथरला असेल तर तुझा पाय. गाडी दोघा भावांनी मिळून घेतलेली, पण चावी कालपासून त्यांच्याकडे, बी विंगमध्ये. निहारने निमूट देऊन टाकली. नवरा माझा!

५ नोव्हेंबर, बुधवार

लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरच्या आशाताईंनी विचारलं, "काय, मुहूर्त मिळाला का?" म्हणजे भाऊजींनी तिथपर्यंत पोचवलंय.

सासूबाईंना मीच भरवते. आज तिसरा घास तोंडात असताना म्हणाल्या, जाऊ दे गं, गाडी पुरुषांनीच चालवावी. मी चौथा घास जरा मोठाच केला.

सोळा तारखेला त्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. सोसायटीचा हॉल, साठ माणसं, माईक. भाऊजी तो मुहूर्ताचा विनोद माईकवरून सांगणार, मी लिहून देते. सांगू देत. पण त्यांच्यानंतर मी माईक घेणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही, पण घेणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात दिवसभर डोक्यात एकच. नवीन डिस्क तीन आठवड्यांत थरथरेलच कशी? चौदा वर्षं भाईंदर पूर्वेला स्टीलच्या पत्र्याची जाडी तपासतेय मी. झिजलेलं लोखंड मला कुणी शिकवू नये.

गाडी बंपरसाठी गॅरेजमध्येच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

सापडलं!! हात अजून काळे आहेत, धुवावेसे वाटत नाहीत.

कारखान्यातून परस्पर काशिमिऱ्याला गॅरेजवर गेले. बाबाजी मिस्त्रीला म्हटलं, पुढचं चाक काढा. तो कां-कूं करत होता. शेवटी काढलं. आतली ती लोखंडी तबकडी – डिस्क – वरून चकचकीत. बाबाजीने व्हर्निअर लावून दाखवला, साडेएकवीस मिलिमीटर, म्हणे एकदम ओके. मला बनवतोय! पॅड घासतो तो भाग झिजतो, काठाची कड तशीच राहते; व्हर्निअर लावला की तो त्या कडेवरच बसतो. मी पर्समधून माझा मायक्रोमीटर काढला आणि कडेच्या आत, घासलेल्या जागी लावला. अठरा दशांश सहा. डिस्कवरच कोरलंय, किमान वीस. दुसऱ्या चाकाचीही तीच गत. इतकी पातळ डिस्क उतारावर तापली की वाकते, पेडल थरथरतं आणि ब्रेक धरत नाही.

बाबाजीचा चेहरा पडला. मग सगळं बाहेर आलं. "ताई, मी भाऊंना तेव्हाच बोललो होतो, डिस्क संपल्यात. माल उद्या येईल, गाडी राहू दे. ते बोलले, मला संध्याकाळी गाडी पायजे, पॅड टाक फक्त. आता मी काय करणार?"

म्हणजे मला भिंतीत घातलं ते भाऊजींच्या घाईने. आणि आठवडाभर हा माणूस माझ्या पायावर विनोद करत फिरतोय!

बाबाजी म्हणाला, उद्याच नवीन बसवतो. मी म्हटलं, नाही. मागवून ठेवा, पुढच्या सोमवारी बसवा. जुन्या काढून घरी नेल्या तर भाऊजी म्हणतील, कुठल्या तरी भंगारातल्या आणल्यात. त्या गाडीवरच हव्यात. रविवारी साठ माणसांना खाली पार्किंगमध्ये नेईन, बाबाजी चाक काढेल, मी सगळ्यांसमोर मोजेन. भाऊजींनाच आकडा वाचायला लावेन. मोठ्याने!

निघताना बाबाजी म्हणाला, "तोपर्यंत गाडी काढू नका हां, ताई." काढतंय कोण? चावी माझ्याकडे आहे कुठे?

११ नोव्हेंबर, मंगळवार

अठरा दशांश सहा. दिवसभर गुणगुणतेय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बंपर झाला म्हणून भाऊजी काल गाडी घेऊन आले. बाबाजी तोंड उघडणार नाही, मी बजावलंय. आज ते सासूबाईंना प्लास्टर दाखवायला घेऊन गेले. मी गॅलरीत उभी होते. सपाट रस्ता, जागोजागी सिग्नल, वीसच्या वर वेग जाणारच नाही. तरी त्या परत येईपर्यंत कुकर लावायचा राहून गेला.

निहारला सांगावं असं दोनदा ओठांवर आलं. पण तो जाऊन भावाला सांगणार, भाऊजी गुपचूप डिस्क बदलणार, आणि मी आयुष्यभर मुहूर्तवाली! नाही. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. मधे एकदा थांबायचं, हसू येऊ द्यायचं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्यात बसून लिहितेय. निहारचा मेसेज आला – भाऊजी ठाण्याला संपदाताईंना आणायला गेलेत, सान्वीपण हट्ट करून गेली. सोबत फोटो. माझी पोर पुढच्या सीटवर, आत्याला दाखवायला नवीन फ्रॉक घातलाय.

ठाणं म्हणजे वरसावे नाका, आणि पुढे घाटाचा उतार.

भाऊजींना चार वेळा फोन केला. गाडी चालवताना ते उचलत नाहीत. शेवटी पाऊण तासाने संपदाताईंचाच फोन – पोचले, पोहे खाताहेत. देवा!

ताई विचारत होत्या, आवाज असा का येतोय, काही बोलायचंय का? भाऊजी शेजारीच असणार. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, काही नाही, सावकाश या.

जाताना घाट उतरलेच की, काही झालं नाही. येतील तसेच. उद्या तर बोलायचंच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

हॉल रद्द केला. सान्वीच्या हनुवटीला चार टाके, पुढचे दोन दात गेले. काल परत येताना घाटाच्या उतारावर गाडी पुढच्या टेम्पोवर मागून आदळली.

दवाखान्यात सगळे म्हणत होते, ब्रेकच लागला नाही बिचाऱ्याचा. भाऊजींच्या पायाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. तिथे माझा बांध फुटला. सगळं बोलले – डिस्क, वीस, अठरा दशांश सहा, बाबाजी, दिवाळीची घाई. पाठ केलं होतं तसंच. भाऊजींनी मान खाली घातली. सासूबाई रडायला लागल्या. सगळं मला हवं होतं तसं झालं.

मग निहारने विचारलं, "कधी मोजलंस?"

सोमवारी, मी म्हटलं. तो उठला आणि सान्वीच्या खाटेच्या पलीकडे जाऊन बसला.