पुढची मालिका मीच निवडणार

३ मार्च, सोमवार
ड्रॅगनची सात खंडांची मालिका आज संपली. आठ महिने मी आणि लेक आळीपाळीने मोठ्याने वाचत होतो. डोळे पुसत तिने विचारलं, आता काय वाचायचं? म्हटलं, बाबावर सोड. रविवारपर्यंत निवडतो.

४ मार्च
ऑफिसात तक्ता आखला. अटी: किमान पाच खंड. सुरुवातीला नकाशा. जादू हवी, पण ऊठसूट नको. शेवटचा खंड छापून झालेला असावा. लेखकाच्या तब्येतीची काळजी करत बसायला मला वेळ नाही. मध्येच लिफ्टमध्ये अडकलेल्या एका बाईंचे तीन फोन. (आमची कंपनी लिफ्ट दुरुस्त करते.) माणूस निघालाय, असं सांगितलं. माणूस जेवत होता.

६ मार्च
लायब्ररी. तिथल्या बाईंनी एक जाडजूड पहिला खंड हातात ठेवला. शेवट कसा आहे विचारलं. म्हणाल्या, वाचून बघा. निवडणं आणि वाचणं ही दोन वेगळी खाती आहेत, हे समजावलं. चष्म्यावरून बघत राहिल्या. छाप पडली असावी.

८ मार्च
जाडजूड खंड बाद. नकाशातली नदी समुद्रातून निघून डोंगरात जाते. अशा लेखकाच्या हाती मुलगी कशी सोपवायची? तक्त्यात क्रमांक चौदा.

९ मार्च, रविवार
निकाल लांबणीवर. लेक म्हणाली, बाबा, कुठलंही चालेल. या 'कुठलंही चालेल'नेच ही पिढी बिघडली.

१३ मार्च
घोडे बोलायला लागले की बायको पुस्तक मिटते. आज सोफा झटकताना तोच बाद खंड हातात घेऊन अर्धा तास उभी. फडकं खांद्यावर. तो बाद आहे म्हणून सांगितलं. 'हं' म्हणाली आणि पान उलटलं.

१६ मार्च
तक्त्यात त्रेसष्ट मालिका. वाचन शून्य, पण पाया पक्का होतोय. मायलेकी सारख्या कुजबुजतात, मी गेलो की गप्प. माझ्या वाढदिवसाची तयारी असणार. वाढदिवस नोव्हेंबरात आहे, पण नियोजनात लेक माझ्यावर गेली आहे.

१९ मार्च
लायब्ररीत कळलं, आमच्या कार्डावर कोणीतरी आणखी चार खंड नेलेत. कार्डाचा गैरवापर! लेखी तक्रार दिली. ती वाचताना बाईंनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. माझी भाषा थेट काळजाला भिडते.

२२ मार्च
नकाशात डोंगर समजलो त्या लाटा निघाल्या. उलटा धरला होता. क्रमांक चौदा थेट क्रमांक एक!

२३ मार्च, रविवार
हॉलमध्ये उभं राहून निकाल जाहीर केला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. लेक चौथ्या खंडात आहे, बायको पाचव्यात. लेक चुचकारत म्हणाली, बाबा, तू सावकाश वाच, आम्ही काही सांगणार नाही.

वाचायला बसलो. बाराव्या पानावर एक म्हातारा जादूगार आला. म्हटलं, वा, हा गडी शेवटपर्यंत साथ देणार. लेक ओरडली, आई, एक शब्द बोलू नकोस! बायको बोलली नाहीच. फक्त उठून रुमाल शोधायला गेली.

तेराव्या पानावर जायचं धाडस होत नाही.