धान्याच्या खोलीतला सर्व्हर

दादा, तुमच्या त्या धान्याच्या खोलीनं माझं वाटोळं केलं. जिथं गहू टिकतो तिथं फोटो टिकतो, असं तुम्ही जन्मभर सांगत राहिलात, आणि मी येडी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी तेच ऐकत बसले. आता तुम्ही निवांत पडलात आणि निस्तरायचं मी. बापाचं फोटोचं दुकान चालवते म्हणून लोक मला शहाणी म्हणतात. शहाणी असते तर ही पाळी आली असती का?

तुमच्या वेळेला त्या खोलीत निगेटिव्हचे डबे होते. मी तिथं सर्व्हर ठेवला. सर्व्हर म्हणजे काय ते सांगत बसायचा मला कंटाळा आलाय, पण सांगितल्याशिवाय माझा राग तुम्हाला कळायचा नाही. आता निगेटिव्ह नसतात. फोटो डिस्कवर राहतात. मी एक जुना कंप्युटर घेतला, त्याच्या पोटात दोन डिस्का बसवून घेतल्या. एकीवर जे जाईल तेच आपोआप दुसरीवर जायचं, म्हणजे एक मेली तरी दुसरी उरावी. दुकानात बसून फोटो टाकले की मागं घरात, त्या खोलीत, जाऊन पडायचे. लग्नं, जावळं, आणि आपले ते ऊसतोडीला जाण्याचे फोटो, सगळं त्याच्या पोटात. दुकान पत्र्याचं. उन्हाळ्यात आपल्या कडा गावात त्या पत्र्याखाली माणूस शिजतं, तिथं यंत्राची काय कथा. मातीच्या जाड भिंतींची, थंड अशी ती एकच खोली. म्हणून तिथं ठेवला. तुमचं ऐकून.

मग पावसाळ्याच्या तोंडी गव्हाला किडे लागले. तुम्ही कोठ्यांत कडुनिंबाचा पाला आणि राख घालायचात. आता गॅसवर राख होते का? भावजयीनं खताच्या दुकानातून गोळ्या आणल्या, कोठ्यांत टाकल्या आणि खोलीचं दार लावून घेतलं. त्या गोळ्यांतून वायू सुटतो, किडा मरतो, आत झोपलं तर माणूससुद्धा मरतं, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक. म्हणून बरेच दिवस कोणी तिकडं फिरकलं नाही. सर्व्हर आत एकटाच चालू. एक दिवस दुकानात बसून फोटो उघडायला गेले तर उघडेना. वायफाय गेलं असंल म्हणून मी दोन दिवस त्या राउटरलाच शिव्या घालत बसले. खोली उघडून, वारा देऊन, आत जाऊन बघते तर यंत्र गार.

आष्टीहून कंप्युटरचा मेकॅनिक बोलावला. त्यानं डब्याचा पत्रा खोलला, आत बॅटरीचा उजेड मारला आणि माझ्याकडं वळला.

"ताई, ह्याच्यावर कोणतं औषध मारलं?"

"औषध पिकावर मारतेत. कंप्युटरवर कोण मारतंय?"

"मग हे तांबं काळं काहून पडलंय? सगळं खाल्लंय बघा. जळालं न्हाई, भिजलं न्हाई, नुसतं खाल्लंय."

मग त्याचं लक्ष कोठ्यांकडं गेलं. वास अजून होता थोडा, लसणासारखा. तो उठला आणि तडक अंगणात जाऊन उभा राहिला. म्हणाला, "बाहेर आणा ते, मी आत येत न्हाई. गोळ्यांचा वायू तांब्याला लई वाईट असतो. गव्हाच्या खोलीत सर्व्हर ठेवणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा बघतोय."

भावजयीला विचारलं तर तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा. "वन्सं, गहू खायचा का फोटो खायचे, ते एकदा ठरवा. मी तुमच्या डब्याला हात लावला न्हाई. तुमीच माझ्या कोठ्यांशेजारी आणून बसवला." खरंच होतं ते. तुमच्या पाल्याच्या आणि राखेच्या भरवशावर मी बसवला होता.

दोन डिस्कांतली एक गेली ती गेलीच. दुसरी चालती आहे, पण चालताना दाताखाली खडा आल्यासारखी कुरकुरते. मेकॅनिकनं ती सध्या दुकानातल्या कंप्युटरला लटकवून दिली आणि बजावलं, लागेल तेवढंच उघडा, हिचा भरवसा धरू नका. म्हणजे आता तुमच्यामागचं सगळं काम, शेकडो घरांची माणसं, एका कुरकुरत्या डब्यावर. रात्रंदिवस माझे कान तिकडंच.

नवं करायचं तर खिशाकडं बघून करायला लागतं. नगरच्या दुकानातला तयार डबा मेकॅनिकनं मोबाईलवर दाखवला, चार डिस्कांचा, चकाचक. भाव ऐकून मी म्हटलं, हा देव्हाऱ्यात ठेवायचा का? मग एका हापिसातून निघालेला जुना कंप्युटर घेतला. रंग उडालाय, पण आतलं तांबं लखलखीत, मी स्वतः बघून घेतलं. जागा आता दुकानातच, काउंटरच्या मागं, उंचावर फळी ठोकून. गरम होईल म्हणून भावाच्या जुन्या कुलरचा पंखा त्याच्या तोंडाला बांधलाय. इन्व्हर्टरची बॅटरी घरातलीच. आधी सगळं वायफायवर चालायचं, मातीच्या भिंतीतून एक लग्न पलीकडं जायला पहाट व्हायची. आता चांगली तार आणि तारा जोडायचा छोटा स्विच घेतला, इन्व्हर्टरची वायर घरातून आणायला भावानं भिंतीला भोक पाडून दिलं, शिव्या देत. इथवर मी भागवलं. अडलंय ते डिस्कांवर. उरल्या पैशात एक मोठी डिस्क येते किंवा दोन लहान. मोठीवर सगळं मावतं, पण एकच प्रत. ती गेली की सगळं गेलं. दोन लहान घेतल्या तर प्रत्येक फोटो दोन ठिकाणी राहतो, पण मावतं निम्मंच. निम्मं पुसायला लागतं.

मेकॅनिक म्हणतो, "क्लाऊडवर टाका की ताई."

"त्याला दर महिन्याला भाडं लागतं ना? भाडं थकलं की आपली माणसं बाहेर काढणार. आणि इथं नेटच्या दोन काड्या दिसल्या तरी मी अंगारा लावते."

तुम्ही असता तर काय म्हणाला असता ते मला पाठ आहे. सगळं ठेवायचं आणि दोन दोन ठेवायचं. तुमचं काय जातंय? तुम्ही खर्च कधी बघितला का? टँकर आला की माय हंडे घेऊन पळते आहे, रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरतायत, आणि तुम्ही आत लाल बल्बाखाली कोणाचे तरी फोटो परातीत धुताय. एक पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. स्वयंपाकघरात पिठात घालायला तांब्याभर नाही आणि तुम्ही परात ओतून देताय. माय चुलीपुढून ओरडायची, "त्या मुडद्यांची तोंडं धुवा, पोरं तशीच राहू द्या." एकदा मीच तिसरं पाणी टाळलं. तिनं सांगितलं म्हणून, वाचलेलं पाणी तिला नेऊन दिलं. तुम्ही मारलं नाही. फोटो उजेडाला धरला आणि म्हणालात, "ह्यातलं औषध निघालं न्हाई. दहा वर्षांनी हे तोंड पिवळं पडंल. तवा तू जाऊन सांगशील का त्याच्या लेकाला?" मायनं ते ऐकलं आणि आणलेला हंडा तुमच्यापुढं आदळला. मला आजही कळत नाही, त्या दिवशी खरं कोणाचं होतं. माझा जीव मायकडं ओढतो. पण तुमचे फोटो अजून काळेपांढरे लख्ख आहेत, तेही दिसतं.

आणि ते जाण्याचे फोटो तुम्हीच सुरू केलेत. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला निघायच्या, म्हातारी माणसं गावात मागं राहायची. निघायच्या सकाळी तुम्ही घडीची खुर्ची घेऊन वस्तीवर हजर. म्हातारं खुर्चीत, बाकीचे भोवती, मागं भरलेली गाडी. मुकादम बोंबलायचा, "ए फोटोवाले, फोटो खायचाय का? कारखान्यावर कवा पोचायचं?" आणि तुम्ही कॅमेऱ्यातून तोंड बाहेर न काढता म्हणायचात, "थांब रे. हे माणूस पुढल्या साली खुर्चीत बसंल का न्हाई, तू लिहून देतो का?" मुकादम बिडी पेटवून बाजूला उभा राहायचा. आता गाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, मुकादम स्वतःच मोबाईलवर काढतो, पण म्हातारी माणसं अजून मलाच बोलावतात. हारामागं लावायचा फोटो तोच असतो हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त बोलत कोणी नाही.

तर मी एक युक्ती काढली होती. लग्नं पुसता येत नाहीत, त्यावर माझं पोट. जाण्याच्या फोटोत तेच घर, तीच माणसं, दर साली पुन्हा. मग प्रत्येक घराचा शेवटच्या सालचा ठेवायचा, मागचे पुसायचे. दोन लहान डिस्कांत बसतं. मला लई बरं वाटलं. मेकॅनिकलाही पटलं.

दुसऱ्याच दिवशी वस्तीवरची म्हातारी दुकानात आली. काठी टेकली, स्टुलावर बसली आणि काही विचारपूस नाही, सरळ मुद्द्यावर.

"ए पोरी, माझा गेल्या सालचा फोटो हारात लावायचा न्हाई."

"आजी, तुमी कुठं चाललात एवढ्यात?"

"जायचं तवा जाईन. तू आधी ऐक. गेल्या साली दात न्हाईत, तोंड सुकल्या वांग्यावानी दिसतंय. त्याच्या मागचा काढ. म्हातारा होता तवाचा."

कुरकुरत्या डिस्कमधून जीव मुठीत धरून तो काढला. म्हातारी खुर्चीत, नवरा मागं उभा, त्याचा हात तिच्या खांद्यावर. मी म्हटलं, "आजी, हारात एकटीचा लावतेत. बाबांना कापायला लागंल."

"काप की. त्याला कुठं लागतंय आता?" मग पडद्याजवळ तोंड नेऊन बघितलं तिनं. "पण हात ऱ्हाऊ दे. आख्ख्या जन्मात त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला न्हाई. त्या दिवशी तू दटावलंस म्हणून ठेवला. लई लाजलं होतं म्हातारं. पोरं हसली तर पोरांना मारायला धावलं."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. मी घाईत असेन, सगळ्यांना दटावते तशी त्यालाही दटावलं असेन. माझ्या युक्तीत हाच फोटो पुसला जाणार होता. आणि असे किती असतील, कोणाला ठाऊक? मी एकेक उघडून बघायला बसले तर ही डिस्क आधी मरेल.

म्हणजे पुसलं तर मी मारते, आणि नाही पुसलं तर एका डिस्कच्या मर्जीवर सगळी वस्ती ठेवते. दहा वर्षांनी तोंड पिवळं पडेल म्हणून पोरीला बोलणाऱ्या माणसानं आता बोलावं. तुम्हाला फक्त पाणी लागत होतं, ते माय आणून देत होती. मला कोण आणून देतंय? भाऊ म्हणतो, "बंद कर ते दुकान, किराणा टाक." भावजय म्हणते, मी गोळ्या टाकणारच. आणि तुम्ही भिंतीवरून नुसते बघताय.

हा कागद टपालात टाकला तर पोस्टातली बाई हसून मरेल, म्हणून तो काउंटरच्या खणातच राहणार, ते मला कळतं. चौथीत शाळा सुटली तरी एवढी अक्कल आहे. पण एक सांगून टाकते, हसायचं तर हसा. जन्मभर मी कोणाला भ्याले नाही. मुकादमाला नाही, सासरच्यांना नाही, तुम्हालाही नाही. ते पुसायचं बटन एकटीनं दाबायला मात्र मी भिते.

मेकॅनिक शुक्रवारी पहिल्या गाडीनं नगरला जातोय. एक मोठी आणू का दोन लहान, म्हणून रोज फोन करून माझं डोकं खातो. गुरुवारी दिवेलागणीपर्यंत मला तुमचं उत्तर पाहिजे, दादा. कसंही सांगा, पण सांगा.