थंडीत जरा लाजणारी गाडी

तीर्थस्वरूप अस्लत भावोजींना धाकट्या मेहुणीचा, म्हणजे एल्लेचा, हातमोजे काढून नमस्कार. (इकडे किनाऱ्यावरच्या झोपडीतसुद्धा अजून गारठा आहे, तेव्हा हातमोजे काढले यातच आदर किती तो ओळखा.)

तुमचा गुडघा कसा आहे? रिस्तिनताई फोनवर सांगत होती की आल्ट्या शहरातल्या नव्या फ्लॅटचा जिना चढताना तो कुरकुरतो, आणि त्याच्यापेक्षा जास्त तुम्ही कुरकुरता. कॉफी कमी केलीत का? केली नसणारच. मी ठणठणीत आहे. माझ्या शेडमध्ये तुम्ही ठेवून गेलेलं सामान कोरडं आहे, कातड्यांना कसर लागलेली नाही, जुनी घसरगाडी छताला टांगली आहे. मुझेतच्या शिंगांबद्दल पत्राच्या शेवटी लिहिते, विसरले तर तुम्हीच आठवण करा. (मुझेत म्हणजे तुमचा तो शर्यतीचा रेनडियर, जो ईस्टरच्या शर्यतीत कायम पहिला, जन्मात कधी दुसरा आला नाही आणि ज्याची गोष्ट तुम्ही माझ्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला कोट काढायच्या आत सांगितली आहे. ताईने ती शिंगं फ्लॅटच्या भिंतीवर लावू दिली नाहीत, यात मी पडत नाही.) फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही मध्येच बोलता, आणि ही हकिगत कुणी मध्ये बोलावं अशी नाही.

विषय तुमच्या स्नोमोबाइलचा आहे. गेल्या वर्षी पहिलं बर्फ पडलं तेव्हा तुम्ही ती मला विकलीत. विकलीत कसली, गळ्यात मारलीत, आणि बदल्यात माझी एक धष्टपुष्ट मादी नेलीत. (ती आता तुमच्या फ्रीजरमध्ये आहे आणि ताईच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात एकही दोष निघाला नाही.) सीटवरून मायेनं हात फिरवत तुम्ही म्हणाला होतात, "एल्ले, गाडी सोन्यासारखी आहे. थंडीत जरा लाजते, एवढंच." मी बाई भोळी. मला वाटलं, लाजते म्हणजे सकाळी उठायला कुरकुर करत असेल, तशी तर मीही करते. आपल्याकडे थंडी म्हणजे वर्षातला बहुतेक काळ, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

तर पहिली खरी थंडी पडली आणि मी तळ्यापलीकडून सरपण आणायला गेले. परत येताना तळ्याच्या मधोमध इंजिनात 'कुट्' असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. मग वाफ आली आणि गाडी थांबली. मी इंजिनावर बर्फाचे ढीग घातले, ते थंड होईपर्यंत शेकोटी करून कॉफी उकळली, पुन्हा गाडी सुरू केली, थोडं अंतर गेले, पुन्हा वाफ, पुन्हा बर्फ, पुन्हा कॉफी. सगळं गाव त्या दिवशी नेमकं तळ्यावरूनच जात होतं, आणि प्रत्येकानं थांबून विचारलं की एल्ले, सहलीला एकटीच आलीस का. घरी पोचले तेव्हा अंगात रक्तापेक्षा कॉफी जास्त झाली होती आणि जे सरपण आणायला गेले होते त्यातलं निम्मं वाटेत जळलं होतं.

पेट्रोल पंपामागच्या इस्सातकडे गाडी ओढत नेली. त्यानं झाकण उघडायच्या आधीच टोपी काढली, मयताला काढतात तशी. म्हणाला, दाते गेले. आत बिस्किटाएवढं एक प्लास्टिकचं दातेरी चाक आहे, तेच तेलाचा पंप फिरवतं आणि तेच पाण्याचा. कडाक्याच्या थंडीत ते ठिसूळ होतं आणि त्याचे दाते झडतात. तेल पेट्रोलमध्ये मिसळून एक दुखणं भागेल, पण इंजिन गार ठेवणारं पाणी कोण फिरवणार? त्या वर्षी बनलेल्या सगळ्याच गाड्यांना हा रोग आहे, कंपनीनं ते चाक बनवणं कधीच बंद केलं, आणि परदेशातून कुणाकडून मागवलं तर ते येईपर्यंत बर्फ वितळून आपण होड्या वापरत असू. हे सगळं त्यानं इतक्या शांतपणे सांगितलं की मी विचारलं, तुला आधीपासून ठाऊक होतं का. तो म्हणाला, "सगळ्या खोऱ्याला ठाऊक आहे. फक्त घेणाऱ्याला नसतं."

मग त्यानं मला गाडीची वंशावळ ऐकवली. तुम्ही ती तुमच्या चुलत भावाकडून घेतलीत, त्यानं त्याच्या साडूकडून, साडूनं व्याह्यांकडून. आपल्या खोऱ्यात अशा आठ गाड्या आहेत आणि त्या फिरत्या ढालीसारख्या नात्यागोत्यात फिरत असतात. परक्याला विकली तर तो भांडायला येईल, नातेवाईक कुठे जाणार? आणि 'थंडीत जरा लाजते' हे वाक्यसुद्धा तुमचं नाही, भावोजी. ते गाडीबरोबरच येतं, किल्लीसारखं. मला तुमचा राग आला हे खरं, पण त्याहून जास्त राग आला तो या गोष्टीचा की माझ्यानंतर ती गाडी गळ्यात मारावी असं मला कुणी उरलंच नव्हतं.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. पुढचं नव्हतं. आपल्या टोळीचा, म्हणजे एकत्र कळप राखणाऱ्या आपल्या घरांचा, कारभार आता हाइकाकडे आहे, माझ्या भावाचा मुलगा, तुम्ही ज्याला पोहायला शिकवताना बुडवला होतात तोच. तो माझ्याकडे केक घेऊन आला. केक आणला म्हणजे वाईट बातमी आहे हे मी ओळखलं. म्हणाला, वसंतात कळप किनाऱ्याकडे न्यायचा तेव्हा वाटेत बंद पडणारी गाडी परवडणार नाही. तू आता गावात राहा, आत्या. तुझी जनावरं माझ्या जनावरांबरोबर येतील, पाडसं जन्मली की फोन करीन. बोलण्यात वाकडं काही नव्हतं, तेच जास्त लागलं. मी चालायला लागल्यापासून एकही वसंत असा गेला नाही की कळप किनाऱ्याला गेला आणि मी गेले नाही. वडिलांनी मला माझ्या जनावरांच्या कानावर कापायची माझी स्वतःची खूण दिली तेव्हा म्हणाले होते की खूण कळपात असते तोवर बाई कळपात असते. एकदा गावात बसले की पुढच्या वर्षी कुणी विचारणारही नाही. मी त्याचा केक खाल्ला (केकावर कशाला राग) आणि म्हणाले की मी येणार. तो म्हणाला, ठीक, पहिल्या तळ्यापर्यंत ये. तिथं बंद पडलीस तर गुपचूप परत जायचं.

मी चाक घरीच करायचं ठरवलं. लग्न केलं नाही त्यामुळे घरात मोडलेलं दुरुस्त करायची सवय आहेच. आधी बर्चच्या लाकडाच्या गाठीचं कोरलं. फार देखणं झालं, पण गरम तेलात फुगून बसलं. मग स्वयंपाकघरातला भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट कापला. ते चाक अंगणाच्या फाटकापर्यंत टिकलं आणि पाट गेला तो गेलाच. मग शिंग आठवलं. आपल्या लोकांनी शिंगातून चमच्यापासून सुईपर्यंत काय नाही केलं? पण या वर्षीचं ताजं शिंग घेतलं तर ते चुलीजवळ ठेवल्यावर वाकलं. शिंग हवं जुनं, वर्षानुवर्षं वाळलेलं, ताकदवान नराचं, आणि तेसुद्धा बुंध्याजवळचं, जिथं ते दगडासारखं भरीव असतं. असं शिंग सहज मिळत नाही. मला मिळालं. वडिलांच्या सुरीनं आणि कानशीनं मी त्याचा एकेक दाता काढला आणि जुन्या चाकाचे तुकडे शेजारी ठेवून पारखला. हात चालू असताना तोंडानं आपोआप गाणं यायचं. तुम्हीच रचलेलं. इस्सातनं चाक बसवलं, देवाचं नाव घेतलं, आणि चार पावलं मागं जाऊन दोरी ओढायला मला सांगितलं. भावोजी, ती गाडी अशी गुरगुरली की शेजारची दोन कुत्री घरात पळाली.

निघायच्या दिवशी सगळी टोळी माझ्याकडे बघत होती. सगळ्यात पुढे हाइका, त्याच्या लालभडक गाडीवर. (सेकंडहँडच, पण रंग असा की लग्नातल्या नवरीनं बाजूला उभं राहू नये.) त्याच्यामागं दोरानं बांधलेला घंटेचा बैल, म्हणजे आपला माणसाळलेला रेनडियर, त्याच्यामागं कळप, आणि कळपाच्या शेपटाला, लेंड्या तुडवत, मी. पहिलं तळं आलं. गेलं. हाइकानं मागं वळून पाहिलं. मी हात हलवला. दुसरं तळं गेलं. मग त्यानं वळून पाहणं सोडून दिलं.

पठारावर पारा उणे पस्तिसाच्या खाली उतरला. समोरून वारा सुटला. आणि त्या वाऱ्यात, कळपाच्या पलीकडून, मला 'कुट्' असा आवाज ऐकू आला. कुणालाही कळला नसता, मला कळला. मी खाली माझ्या इंजिनाकडे पाहिलं. ते मजेत होतं. वर पाहिलं तर लाल गाडीतून वाफ निघत होती. रंग नवा होता, भावोजी, पोट तेच.

तुम्ही हे काम जन्मभर केलंत, तेव्हा पुढचा दोर थांबला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. घंटा थांबली. गाभण माद्यांनी वाऱ्याकडे पाठ केली. एकीनं तोंड मागं फिरवलं की सगळ्या फिरणार, कळप परत दक्षिणेला जाणार, मध्ये नद्यांवरचं बर्फ फुटणार आणि पाडसं नको त्या काठावर जन्मणार. मी कळपाच्या कडेनं गाडी पुढे दामटली. हाइका हूड उघडून उभा होता आणि चेहरा अगदी मी त्याला लहानपणी पाण्यातून काढलं होतं तेव्हासारखा. मी काही बोलले नाही. (हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, ताईला सांगा.) हात पुढे केला. त्यानं दोर माझ्या हातात दिला.

"आत्या, पुढे तू चल," तो म्हणाला.

मी चालले. घंटा वाजली, माद्यांनी माना वळवल्या आणि त्या माझ्यामागं आल्या. त्या वाऱ्यात मी रडले, ते वाऱ्यामुळे असं मी सगळ्यांना सांगितलं आहे, तुम्हाला खरं सांगते. पठार ओलांडून दरीच्या आडोशाला तंबू लागला तेव्हा हाइकाची गाडी दुसऱ्या कुणाच्या गाडीमागं, दोरानं बांधून, बैलासारखी आली. मी विचारलं की विकणारा काय म्हणाला होता रे.

"थंडीत जरा लाजते म्हणाला," तो पुटपुटला.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात, लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेलं, दुसरं चाक होतं. एक कोरलं तेव्हा शिंग उरलंच होतं, म्हणून जोडीला आणखी एक केलं होतं. मी ते त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं ते आगीजवळ धरून उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, कुणाचं शिंग. मी म्हणाले, आधी पंप फिरू दे, मग विचार. दुसऱ्या दिवशी पंप फिरला, आणि घाईत विचारायचं तो विसरला. पण दोर त्यानं परत मागितला नाही. किनाऱ्यापर्यंत घंटा माझ्यामागं होती आणि हाइका घंटेमागं. आज झोपडीच्या दारातून पाहते आहे, माझ्या खुणेच्या माद्यांपाशी पाडसं धडपडत उभी राहताहेत, आणि कुणाला मला फोन करून हे सांगावं लागलं नाही. काल हाइकाची बायको येऊन गेली. पुढच्या वसंताच्या तयारीचं बोलली, त्यात 'आत्या पुढे असेलच' हे तिनं असं म्हटलं, जसं ते कधीपासून ठरलेलंच आहे. तिनं केक आणला नव्हता, म्हणजे बातमी चांगली.

तेव्हा गाडीबद्दल माझी काही तक्रार नाही. ती सोन्यासारखी आहे. मादी परत मागत नाही, फ्रीजरमधून ती परत येणंही कठीण. ताईला जवळ घेतल्याचं सांगा, गुडघ्याला जपा, आणि बसून वाचत असाल तर बसूनच राहा.

तुमची थंडीत न लाजणारी मेहुणी,
एल्ले

ता. क. : आल्ट्याहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी भाजी चिरायचा एक पाट पाठवा. लाकडी.

ता. क. दोन : शिंगांबद्दल लिहायचं राहिलं. मुझेतचं डावं शिंग सुखरूप आहे, इकडे बरोबर आणलं आहे, रोज पुसते. उजव्याचा वरचा फुलोरा तेवढा शिल्लक आहे. बुंधा कुठे गेला हे तुमच्यासारख्या हुशार माणसाला एव्हाना कळलं असेल. ताईला मी आधी विचारलं होतं. ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला, आणि हसण्याआधी ती जे 'हो' म्हणाली ते मी ऐकलं आहे.

ता. क. तीन : खरं म्हणजे हे पत्र यासाठीच लिहिलं. खोऱ्यातल्या उरलेल्या सहा गाड्यांचे मालक माझ्या दाराशी बसून आहेत, त्यात तुमचे चुलत भाऊही आहेत. डाव्या शिंगाच्या बुंध्यात नीट कापलं तर सहा चाकं बसतात. तुमच्या परवानगीशिवाय मी सुरी लावणार नाही. (या खेपेला.) आणि नाही म्हणायच्या आधी एवढा विचार करा. पठारावर त्या वाऱ्यात सगळ्यांच्या पुढे माझी गाडी होती, माझ्या गाडीत मुझेत होता, आणि तुम्ही रचलेलं त्याचं गाणं मी मोठ्यानं म्हणत होते.

ता. क. चार : माझ्यामागून हाइका. त्याच्या गाडीतही तोच. म्हणजे, भावोजी, या वर्षी मुझेत जन्मात पहिल्यांदा दुसराही आला. पण पहिलाही तोच होता.