किनारा सोडून किती दिवस झाले

५ फेब्रु. ९७
सुरतजवळच्या डुमसहून होडी. दोन तास आत. दोनशे लिटर पाणी बादलीने उपसून परमँगनेटने काळ्या रंगवलेल्या अ‍ॅक्रिलिक धाग्यांच्या पुंजक्यातून गाळलं. हातांची वाट लागली. मातीतून सुटलेलं रेडियम पाण्याबरोबर इथवर येतं, पुंजक्यात अडकतं. त्यातलं २२४ जातीचं साडेतीन दिवसांत निम्मं होतं. म्हणजे किनाऱ्याशी किती, इथे किती, हे मोजलं की पाणी किनारा सोडून किती दिवस झाले ते कळणार. पाण्याला तारीख! अंगावर काटा येतो. माझं एम.फिल. या एका आकड्यावर.

६ फेब्रु.
सत्यानाश. पुंजका मोरीत निथळत ठेवला होता. नाना गिरणीतल्या पाळीवरून आले. खानदेशातून आल्यापासून तीस वर्षं डाइंगमध्ये, कापड रंगवण्यात; डाग दिसला की हात स्वस्थ बसत नाही. परमँगनेटचा डाग ओळखला, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड टाकून धुतला. पांढराशुभ्र! कौतुकाने दाखवायला आणला.
"माले वाटनं डाग शे. धुई टाकं."
रेडियम मोरीतून गेलं. मी बापावर ओरडले. पहिल्यांदाच.

७ फेब्रु.
माझे गाइड सर म्हणाले, किनाऱ्याचा नमुना मोजून झालाय, पण रेडियम मोजायचं अहमदाबादचं मशीन आपल्याला १६ तारखेपर्यंतच. एकच फेरी जमेल.
नाना जेवले नाहीत. मग हळूच विचारलं, रंग किती गरम पाण्यात चढवतेस? माझा पुंजका चट्ट्यापट्ट्यांचा होता म्हणे. ते खरंच होतं.

१० फेब्रु.
नानांनी नवा पुंजका रंगवला. थर्मामीटर नाही, नुसता हात वाफेवर. एकसारखा काळा. लाज वाटली मला.

१३ फेब्रु.
नाना होडीत आले. सुरतेत जन्म गेला, समुद्रात आजच. निम्म्या बादल्या त्यांनीच ओतल्या.
"पानीले बी वय ऱ्हास?"
हो म्हटलं. मग पुढची बादली त्यांनी जपून ओतली. रात्रीच्या गाडीने नमुना रवाना.

१६ फेब्रु.
एसटीडीवरून सरांशी बोलले. रेडियम किनाऱ्याच्या पावपट! म्हणजे दोनदा निम्मं, सात दिवस. समुद्र खरंच बोलला. रडूच आलं.
पण पाणी वाटेत मिसळतं, ते अजून हिशेबात धरलेलं नाही. सर म्हणतात, आकडा कच्चा.
नानांना सांगितलं. ते बोटांवर मागे मोजत गेले. तेरा, बारा... सहाशी थांबले, मोरीत पुंजका धुतला त्या दिवसाशी.
"मंग मी वतेल पानी बी तेनाच संगे गयं व्हई."
मोरी, गटार, तापी... किती दिवस लागतात, मला कुठे माहीत. नाही म्हणता आलं नाही.