सुनेच्या नावे घर, पडवीखाली टाकी

मी, मंजुळा राघू उतेकर, वय वर्षे बहात्तर, राहणार खडपवाडी, तालुका पोलादपूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहवून घेत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहते घर पतीने हयातीतच माझ्या नावे केले होते. ते पडवीखालच्या पाण्याच्या टाकीसह माझी सून निशिगंधा हिला, एकटीला मिळावे. मुलगा प्रवीण याला ओढ्याकाठचे भातखाचर. त्याने वाईट वाटून घेऊ नये. असे का, हे त्याला ठाऊक आहे, तरी कागदावर असावे म्हणून सांगते.

आमच्या वाडीवर पावसाळ्यात कौलांवरून लोट वाहतात आणि होळी झाली की बाया हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरतात. निशिगंधा पोटुशी असताना भरला हंडा घेऊन ती चढण चढत होती. घसरली. मूल गेले. ती वरंधला माहेरी गेली ती परतेना. मी आणायला गेले तर म्हणाली, "आई, तुमच्यावर राग नाय माझा. पण त्या वाटेवर परत पाय ठेवणार नाय."

"नको ठेवू गो. पाणी घरात आलं की मगच न्यायला येईन."

प्रवीण तेव्हा मुंबईला कामाला. "घराला कुलूप लाव नि इकडे या सगळी," एवढेच त्याचे उत्तर.

२. धाकटे दीर येसाजी यांच्याविषयी. सामाईक अंगणात टाकी खणू द्यायला त्यांनी नकार दिला. वर चारचौघांत हसले, "आभाळाच्या पाण्यावर सून नांदवणार हाय वहिनी!" मग मी माझी झोपायची पडवी खणायला काढली. महाडचे गवंडी उबेद यांनी टाकी बांधली, कौलांखाली पन्हळी लावल्या. पहिल्या वर्षी तळाला चीर पडली आणि दिवाळीआधीच टाकी कोरडी. "काय वहिनी, कधी आणताय सून?" असे येसाजींनी अंगणातून विचारले. त्याच दिवशी मी महाडला निरोप धाडला. उबेद मात्र निरोप मिळताच आले, सगळा तळ उकरून नवा घातला. म्हणाले, "काकी, आता गळली तर मला नावं ठेवा."

गळली नाही. पुढच्या वैशाखात झाकण उघडले तर आत माझे तोंड दिसले. बाटली भरली आणि वरंधची एसटी धरली. निशिगंधा प्यायली.

"कुठलं पाणी, आई?"

"आपल्या कौलांवरचं."

संध्याकाळी ती माझ्याबरोबर घरी होती. नात रेश्मा आता शाळेत जाते. तिने आजवर डोक्यावर हंडा घेतलेला नाही.

येसाजींचे हसणे मी विसरलेले नाही. तरी उन्हाळ्यात माझी जाऊ बनुबाई दारात आली तर तिला रिकामी पाठवू नये. येसाजी आले तर त्यांनाही द्यावे. मात्र त्यांनी तोंडाने मागावे.

३. पोस्टातली शिल्लक दुसऱ्या टाकीसाठी. येसाजी आता अंगण देतो म्हणतात, टाकी दोन्ही घरांची असावी म्हणतात. चांगले आहे. आधी लेखी घ्यावे, मग कुदळ मारावी.

४. पन्हळी मृगाआधी साफ कराव्यात. सुरुवातीच्या सरींचे पाणी बाहेर सोडावे. छप्पर धुऊन निघाले की मगच टाकीत घ्यावे. झाकण उघडे टाकणाऱ्याला माझी शपथ आहे.

५. मी गेल्यावर मला टाकीच्याच पाण्याने अंघोळ घालावी. ऐन उन्हाळा असला तरी हात आखडू नये. जन्मभर तांब्या तांब्या पुरवून अंगावर घेतले. त्या दिवशी केसांवरून घागरच्या घागर ओता.

हे सर्व मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली.

सही: मंजुळा राघू उतेकर

साक्षीदार:
उबेद इस्माईल देशमुख, गवंडी, महाड
राजश्री विनीत सकपाळ, अंगणवाडी सेविका, खडपवाडी

स्थळ: पोलादपूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २०२५